बदकासाठी बैलांनी बदललेला काठ

भोकरदनहून सकाळच्या एस.टी.नं निघालो, जालन्यात गाडी बदलली आणि कुंभार पिंपळगावला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. पुढची वाट पायी. काळ्या चिखलानं चपला ओढून घेतल्या, तेव्हा त्या हातात धरल्या. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. कपाशीच्या बांधावरून अनवाणी निघाला होता! पण काम माझ्या विषयाचं, प्राणिशास्त्राचं होतं. कॉलेजातले माझे मित्र वाघमारे इथल्या शाळेवर गुरुजी. त्यांचं कार्ड आलं होतं: पोरांना तलावाकाठी हळदी-कुंकू बदकाचं घरटं सापडलंय, खांदेमळणीच्या आत ये.

खांदेमळणी (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुऊन त्यांचे खांदे हळद-तुपानं मळतात) म्हणजे गावातले सगळे बैल तलावावर. आणि घरटं नेमकं बैल उतरतात त्याच काठाच्या गवतात. खांदेमळणी दुसऱ्याच दिवशी होती.

तलावाच्या भिंतीवर चढलो आणि थबकलो. पोरांनी घरट्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं, आणि लोकांच्या नजरेत यावं म्हणून त्याला बैलांच्या शिंगांचं बेगड (चमकता कागद) गुंडाळलं होतं. उन्हात ते नुसतं लखलखत होतं. बदक दूर पाण्यात गोल गोल फिरत होतं.

सहावीतली सुमन पहाऱ्याची प्रमुख. तिच्या वहीत कोण कधी राखणीला होतं, सगळं लिहिलेलं. ती म्हणाली, "सर, सकाळधरनं ती येऊनच न्हाई राह्यली."

"तुमच्या बेगडाला भ्यायली ती. अंडी गार पडली तर संपलंच. काढा सगळं, कुंपणसुद्धा."

"मंग उद्या बैलांना कसं कळंल?"

"आधी ती परत येऊ दे, मग बघू," मी म्हणालो. पोरांनी काटे उचलले, बेगड गोळा केलं. आम्ही भिंतीमागं पालथे पडून राहिलो. बऱ्याच वेळानं बदक काठाला लागलं, त्यानं मान उंचावून इकडंतिकडं पाहिलं आणि ते गवतात शिरलं. सुमननं तेवढं वहीत लिहिलं.

गुरुजींकडं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी जेवता जेवता कळलं, की पाण्यावर पहिला मान आसारामबाबांच्या जोडीचा. ती जिथं उतरेल तिथं बाकीचे बैल उतरतात. जेवून तसेच गुरुजी, मी, सुमन आणि बाकीची पोरं त्यांच्या ओट्यावर गेलो. मी बदकाविषयी बरंच सांगितलं आणि उद्या जोडी पलीकडच्या काठानं उतरवा, अशी विनंती केली. बाबांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"शिकलेले आता बैलांना वाट दाखवाय लागले म्हणा की," ते म्हणाले. "पल्याड नुसते गोटे हायत. खूर फुटला तर पोळ्याला माझा बैल लंगडत मिरवायचा का?"

सुमन म्हणाली, "आज्या, गोटे आम्ही उचलतो. उद्या तुम्ही सोता पाय ठिवून बघा. टोचलं तर आणा मंग इकडंच."

बाबा हसले. हो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पोरं पलीकडच्या काठावर. मोठे गोटे ढकलले, बारके पाट्यांतून वाहिले, उताराला मुरूम टाकून तुडवला. मीही हात लावला. माझ्या तळहाताला फोड आले आणि पोरांनी त्यावर यथेच्छ चेष्टा केली.

दुपारी बाबा जोडी घेऊन आले. कासरे गुरुजींच्या हाती देऊन वहाणा काढल्या आणि उतारावरून पाण्यापर्यंत एकटे चालत गेले. पाण्यातही पायानं चाचपलं. मग वर येऊन एवढंच म्हणाले, "बराबर हाय." जोडी पाण्यात उतरली. मागून अख्ख्या गावचे बैल त्याच उतारानं उतरले. अलीकडच्या गवतात दिवसभर एकही खूर पडला नाही.

पोळ्याच्या सकाळी परत निघालो. जाता जाता घरटं डोळ्यांनी पाहावं म्हणून गवताकडं वळलो, तर सुमन आडवी आली. "सर, तुम्ही गेलात तर ती उठंल. इथूनच बघा." इथून गवताखेरीज काही दिसत नव्हतं. मी बांधाची वाट धरली.

घरी वडिलांनी विचारलं, "किती अंडी होती?"

"पोरांच्या वहीत नऊ लिहिलीत," मी म्हणालो. "मला त्यांनी जवळ जाऊ दिलं नाही." आणि हे सांगताना माझी छाती डिग्री आणली त्या दिवसापेक्षा जास्त फुगली होती.