पत्रातली अकरा वर्षं

आमच्या मास्टरने माझ्याकडे एक पत्र मागितलं आणि मी त्याच्याशी वर्षांची घासाघीस केली. भाजीपासून भाड्यापर्यंत सगळं पाडून मागायची मला सवय. त्या दिवशी मी त्या माणसाचं आयुष्यच पाडून मागतो आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मास्टर म्हणजे माझ्या केटरिंगचा मुख्य आचारी. लहानपणी सिलोनहून होडीतून आलेला. निर्वासितांच्या छावणीत त्याचं नाव कधी लागलं नाही, त्यामुळे हातात एक कागद नाही. परदेशी लोकांबद्दल नवा कायदा आला तेव्हा माझ्या वकिलाने समजावलं: असे जुने लोक मालकाच्या पत्राने इथली वर्षं दाखवून इथे राहण्याचा अर्ज करू शकतात, आणि सरकारला न कळवता त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड होऊ शकतो. म्हणजे त्याच्या सुटकेसाठी कबुलीजबाब मी द्यायचा! मी भडकलो. तंजावुरात दोन पातेल्यांवर मी हा धंदा उभा केला, तेव्हा कुठल्या सरकारने एक पळी तरी दिली होती?

खरी भीती दंडाची नव्हती. राजवाड्याजवळच्या मराठी घरांना श्राद्धाला आपल्यातलाच आचारी लागतो. मास्टर जवळच्या ओरत्तनाडूच्या मराठी घरातला, आपलाच, असं सांगून मी दर चढा लावला होता. त्याने आमची बोलीही अशी उचलली की माझी मुलं तमिळमध्ये उलट बोलत आणि तो त्यांना मराठीत दटावे.

"दोन वर्षं लिहितो," मी म्हणालो.

"अण्णा, अकरा झाली."

"चार. आणि आचारी नको, भांडी घासणारा."

"अकरा वर्षं मी घासली असती तर तुमच्याकडे भांडी उरली असती का?"

"सहा. शेवटचं."

"वांग्याचा ढीग आहे का हा? वकील म्हणाले, अकरा नसतील तर अर्ज बसत नाही. महिनाअखेर मुदत आहे."

मी त्याला कृतघ्न म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो उडीद निवडत बसला.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांकडे श्राद्ध होतं. पंगत बसली होती. मास्टर वाढत असताना शिक्षकांनी त्याला विचारलं, "मास्टर, तुमचं मूळ गाव कोणतं?"

आता हा सूड घेणार, असं वाटलं. मी घेतला असता.

"ओरत्तनाडू," मास्टर म्हणाला आणि वरण वाढत पुढे गेला.

मागच्या अंगणात मी त्याला गाठलं. "काल एवढं बोललो. खरं का नाही सांगितलंस?"

"लोक जेवत होते, अण्णा. पानावरून माणसं उठवायची असतात का?"

मी पुढे घासाघीस केली नाही. असं माझं फार क्वचित होतं.

संध्याकाळी पत्र लिहिलं: अकरा वर्षं, मुख्य आचारी. त्याने वाचून "उत्तम" हा शब्द घालायला लावला. मग मी शिक्षकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फसवलं तुम्ही. त्याने नाही." त्यांच्या घरचं काम माझ्या हातून गेलं, त्यांच्यामागून आणखी दोन घरांचं गेलं.

मास्टरचा अर्ज मुदतीत दाखल झाला. निकाल अजून नाही. माझी दंडाची नोटीस मात्र वेळेवर आली.