सायमनमामांच्या प्रार्थना

गॅरेजात दहा-बारा वर्षं काढली की नटबोल्टसारखे किस्सेही साठतात. फेकवत नाहीत. माझ्याकडचे निम्मे एकट्या सायमनमामांचे. द्वारका चौकाजवळ त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि वायरिंगचं काम मी बघायचो.

मामा तरुणपणी तोंडाचे भयंकर. लेक रूथ बोलायला लागली, तेव्हा तिचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बाबा’ही नव्हता! मार्थामामींनी पोर कडेवर घेतली आणि तडक सिन्नरला माहेर गाठलं.

चर्चचे पाळकसाहेब मध्ये पडले तेव्हा परतल्या, पण अट घालून. “ज्याला शिवी द्याल, त्याच्यासाठी तिथंच मोठ्यानं प्रार्थना करायची. नाहीतर सिन्नरची जीप मला ठाऊक आहे.”

मामांनी तोच नियम अख्ख्या गॅरेजला लावला. एकट्यानंच का सुधारायचं?

*

लासलगावचा निवृत्ती कांद्याचा ट्रक घेऊन आला तो ट्रॅफिक हवालदाराची आई काढतच. मामांनी पाना खाली ठेवला.

“आधी प्रार्थना.”

“मामा, आपण हिंदू हाय.”

“हवालदारही हिंदूच आहे. चालतंय. आई काढलीस ना, मग तिच्यासाठी कर.”

निवृत्तीनं नाइलाजानं हात जोडले. “देवा, हवालदाराच्या आईचे गुडघे बरे कर.” मग जरा थांबून म्हणाला, “माझ्या बी आईचे लय दुखत्यात.”

त्या दिवशी तो चहा न घेताच घरी गेला.

*

एकदा माझ्या पायावर जॅक पडला. मी जॅकला अशी काही शिवी हासडली की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला.

“जॅकसाठी प्रार्थना कशी करू?” मी विचारलं.

“जॅक कुणाच्या हातून पडला?”

“माझ्या.”

“मग स्वतःसाठी कर.”

*

पुढे पुढे मामा शिवी गाळून थेट प्रार्थनेलाच लागायचे. राग किती, ते आम्ही लांबीवरून ओळखायचो.

ही गोष्ट मार्केटभर झाली. एका स्पेअर पार्टवाल्यानं चुकीची क्लचप्लेट पाठवली होती. मामा त्याच्या लेकराबाळांसाठी आशीर्वाद मागतायत, हे कुणीतरी त्याला कळवलं. तासाभरात तो धापा टाकत हजर.

“मामा, बदलून आणलीय. आता माझं नाव घेऊ नका.”

*

रूथचं लग्न दोन हजारनंतरचं. नगरचं वऱ्हाड तीन तास उशिरा आलं. पाळकसाहेब घड्याळ बघून थकले होते, रूथ रडून थकली होती. व्याही गाडीतून उतरले आणि चर्चच्या दारातच म्हणाले, “आधी जेवणाचं बघा. लग्न काय, होईलच.”

मामांची मान लाल झाली. मामींनी त्यांची बाही पकडली. आम्ही गॅरेजवाले श्वास रोखून उभे. एक शब्द सुटला असता तर वऱ्हाड तिथूनच माघारी गेलं असतं आणि पोरीचं लग्न मोडलं असतं.

मामांनी डोळे मिटले. “हे प्रभू…”

व्याह्यांची तब्येत झाली, धंदा झाला. त्यांचे भाऊ, चुलते, वारलेले वडील, सगळे झाले. पाच मिनिटं, सात मिनिटं. इतकी लांब प्रार्थना आम्ही कधी ऐकली नव्हती. व्याह्यांनी रुमाल काढला. “आमच्यासाठी इतकं कुणी मागितलं नव्हतं हो.”

मामांनी सुस्कारा सोडला. “आमेन.”

मार्थामामींचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “विहीणबाई राहिल्या.”