जनाक्काचा हेवा

महिन्याखाली नौबादहून सविताचा फोन आला. "काकू, आई गेली. झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "मरणसुद्धा चांगलं घेतलं की बाईनं!" जनाक्का माझी थोरली जाऊ. तिचं चांगलं झालेलं मला कधी बघवलंच न्हाई… अजूनही न्हाई.

गावी, निर्ण्यात, आमचं एकच घर, एकच चूल. भावजी तिला मारायचे. मीठ जास्त झालं तरी मारायचे, ती माहेरच्या माणसाशी हसून बोलली तरी मारायचे. बांगड्या पिचायच्या. सवाष्णीनं मोकळ्या हातानं चुलीपुढं बसू नये, म्हणून सासूबाई सकाळीच कासारणीला बोलावून घ्यायच्या. भावजी स्वतः उंबऱ्याशी बसून रंग निवडायचे. "हिरव्या भर, सोनेरी ठिपक्याच्या." कासारीण म्हणायची, "जीव हाय बघा मालकाचा!" अन् मी भाकरी थापत जळायची. आमच्या ह्यांनी कधी बोट लावलं न्हाई, पण मी हाय का मेले तेही बघितलं न्हाई. ताट आलं की जेवायचं, उठायचं. मला वाटायचं, तिला निदान हात तरी लागतो.

एकदा न राहवून म्हटलं, "अक्का, तुझं बरं हाय बाई."

तिनं सुजलेलं मनगट पुढं केलं. "घेतीस का? रंग निवडताना बिचारं तोंड करतात, तवा मलाबी वाटतं, सुधरले. तेवढ्यावर पुढच्या मारापर्यंत जगायलेय मी. आन् तू कामून जळायलीस? तुझा तर न मारता मारायलाय."

तिच्या सविताला नौबादला नोकरी लागली. पुढच्या मारानंतरच्या सकाळी जनाक्कानं कासारणीला दारातूनच परत लावलं. "मोकळ्या हातानं कुठं निघालीस गं?" सासूबाई ओरडल्या. ती तशीच बसमध्ये चढली. भावजी बांगड्या घेऊन नौबादला गेले, तिनं दार उघडलं न्हाई. हे कळलं तवा तर माझी नुसती आग आग झाली! पुढं मी भेटायला गेले की ती भर दुपारी आतून कडी लावून चटईवर पसरायची, घोरायची. आमच्या घरात बाईला दुपार असते, हेच मला ठाऊक नव्हतं.

दिवस झाले, पाहुणे गेले, मी नौबादलाच राहिले. परवा सविता कामावर गेल्यावर मी कडी लावून त्याच चटईवर पडले. निर्ण्याहून ह्यांचा फोन आला. "सांजच्याला भाकरी कोण करणार?" एवढंच. कशी हाईस, न्हाई… कवा येतीस, तेही न्हाई.

सविता आली. विचारलं, "आईची चटई कुणाला देणार हाईस?"

"अजून ठरवलं न्हाई, काकू."

"मग कुणाला देऊ नको," म्हटलं. "मला लागायलीय."