मोरपंखी ड्रेसचा टॅग

आधीच सांगते, मी भित्री नाही. आमच्या कळंबमध्ये अमक्या विहिरीपाशी काहीतरी दिसतं, तमक्या झाडाखाली कोणीतरी बसतं, असं कुणी सुरू केलं की मी उठून चहा ठेवायला जाते. भुतानं कुणाचं वाटोळं केलेलं मी पाहिलं नाही, माणसांनी केलेलं रोज बघते. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही... आणि मेला राग पण जात नाही.

मी घरीच शिवणकाम करते. माझी धाकटी बहीण वैशाली साजगावला दिलेली. नवरा महेश, तिथल्याच एका कारखान्यात. मारायचा. कशावरून, ते विचारू नका, वरणात मीठ कमी एवढंही त्याला पुरायचं. एक दिवस ती नेसत्या कपड्यानिशी निघून माझ्या दारात आली. अंगात मोरपंखी ड्रेस, डावी बाही खांद्यातून उसवलेली. दिवाळीच्या पाडव्याला त्यानंच ओवाळणीत घातलेला, खोपोलीतल्या एका मोठ्या दुकानातून आणलेला. काय कौतुक केलं होतं तेव्हा आम्ही!

तो पहिला माझ्याच घरी शोधायला येणार हे उघड होतं. म्हणून मी तिला पळसदरीला शबानाकडे ठेवलं. शबाना आणि मी एकाच क्लासात शिवण शिकलो. महेशला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. शबाना म्हणाली, "राहू दे गं तिला, माझ्या घरात कोण येतंय बघायला?" आणि खरंच, तो येऊन माझं घर धुंडाळून, शिव्या घालून गेला, पण वैशाली सुटली.

मग आम्ही काय केलं, तर तिला दोन कपडे घ्यायला कर्जतला गेलो. त्याच दुकानाची कर्जतला शाखा आहे. अंगात तोच ड्रेस, वरून ओढणी. आत शिरलो, दोन गाऊन घेतले, खाली बाजारात वडापाव खाल्ला. रिक्षा ठरवत होतो तेवढ्यात मागून येऊन महेशनं तिचे केस धरले. भर बाजारात. लोकांनी सोडवलं म्हणून... नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

लोकांच्या तावडीत असतानाही हसत होता. मोबाईल माझ्या तोंडासमोर नाचवून म्हणाला, "मी नाय शोधली, ताई. दुकानानंच कळवलं मला!"

मेसेज होता. 'आमच्या कर्जत शाखेत पुन्हा स्वागत! तुमच्यासाठी खास ऑफर.' ड्रेस त्याच्या नंबरावर घेतलेला. त्या ड्रेसच्या शिवणीत टॅग असतो, दुकानाच्या दारातले खांब तो वाचतात, आणि ज्याच्या नंबरावर बिल, त्याला कळवतात. बाई कुठं आहे ते नवऱ्याला कळवलं, वर ऑफर पण दिली.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन मॅनेजरला गाठलं. म्हटलं, हे बंद करा, माझ्या बहिणीच्या जिवाशी खेळ चाललाय. तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ती कस्टमरसाठी सोय आहे. बंद करायला कस्टमरची परवानगी लागते."

"कस्टमर कोण?"

"ज्यांचा नंबर, ते."

"मग आणखी काय काय मेसेज गेले त्याला, तेवढं तरी दाखवा."

"ते नाही दाखवता येणार. त्यांची प्रायव्हसी असते."

प्रायव्हसी! मारणाऱ्याची प्रायव्हसी. मार खाणारीची नाही, कारण बिल तिच्या नावावर नव्हतं. मी तिथं काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिथून थेट पळसदरीला गेले. ड्रेसची कडेची शिवण उसवली. धुण्याच्या सूचना लिहिलेल्या पट्टीच्या आत तो टॅग सापडला, कागदासारखा पातळ. नुसता टॅग कशाला, म्हटलं, अख्खा ड्रेसच घाल चुलीत. शबानाच्या अंगणातल्या चुलीत, पाणी तापत होतं त्याखाली, आम्ही तिघींनी तो जाळला. टॅग मी माझ्या हातानं टाकला. कापडाचा वितळून काळा गोळा झाला, तो शबानानं उकिरड्यात पुरला. हे तिघींनी पाहिलंय. यात काही चूक नाही, भास नाही.

आणि मेसेज येतच राहिले.

मला कसं कळलं सांगते. एका दुपारी मी शबानाच्या ओटीवर बसले होते, शेजारी वैशाली वाल सोलत होती. महेशचा फोन आला. "तिला खोपोलीला कशाला पाठवता गं? आत्ता मेसेज आला. आत्ता!" मी वैशालीकडे बघितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

पुढं हे सारखंच होऊ लागलं. खोपोली, कर्जत, मग परत खोपोली. तो कामावरून उठून दुकानाकडे धावायचा, नंतर मला फोन करून शिव्या द्यायचा. एकदा मात्र त्याचा आवाज वेगळाच होता. "मी बघितली तिला, ताई. मोरपंखी ड्रेस, बाही फाटलेली. हाक मारली तर ट्रायल रूममध्ये गेली. बाहेर आलीच नाय."

मला वाटलं, पिऊन बोलतोय. तरी खोपोलीला जाऊन तिथल्या सेल्सगर्लला मी विचारलं. ती पोरगी सहज म्हणाली, "ती बाई होय? येते की. काय घेत नाय, नुसती कपड्यांना हात लावून बघते. सारखी दाराकडं लक्ष. मी म्हटलं, ताई, बाही तरी शिवून घ्या. तर दुसऱ्या कपड्यांकडं वळली."

खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. पोलिसांनी 'घरगुती मामला' म्हणून हात झटकले, दुकानानं प्रायव्हसी सांगितली. माझ्या बहिणीला वाचवायला कोणी आलं असेल तर ही कोण कुठली फाटक्या बाहीची बाई. धावू दे मेल्याला तिच्या मागं, असं म्हणायचे मी.

मग त्याचे फोन थांबले. परवा खोपोलीच्या स्टँडवर तोच समोर आला. दाढी केलेली, कपडे स्वच्छ, ड्यूटीवर चाललेला. मला राहवलं नाही. विचारलं, "काय रं, मेसेज येतात का अजून?"

"नाय," तो म्हणाला. "आता गरज नाय." आणि शांतपणे बसमध्ये चढला.

जळालेला टॅग कसा वाचला गेला, ती बाई कोण, मला माहीत नाही. तुमच्यात कोणी शिकलेलं असेल तर सांगा, मी ऐकेन. मी आपली खुशीत पळसदरीला गेले. म्हटलं, "वैशू, सुटलीस गं बाई! त्यानं शोधायचं सोडलं."

ती हसली नाही. म्हणाली, "ताई, त्याला ती बाई सापडली असेल का गं?"