नाव नोंदवलं का?

आमच्या हिचे मामा जन्माला आले ते काळजी करण्यासाठीच, आणि तीही स्वतःची नव्हे, साऱ्या सांगलीची. एका जागी सलग दहा मिनिटं बसलेले मामा मी कधी पाहिले नाहीत. जेवताना दोनदा उठून गॅस बघून यायचे. एसटीत बसण्याआधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी उघडते का, हे ढकलून बघायचे, आणि ती उघडली नाही तर कंडक्टरला खाली उतरवून जाब विचारायचे. पलूसला एका लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी वधूपित्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मांडवाला आग लागलीच, तर आधी कुणाला बाहेर काढायचं ते ठरवलंय का?" त्या बिचाऱ्याचा चेहरा असा काही उतरला की, फोटोत मुलीपेक्षा बापच सासरी निघाल्यासारखा दिसतो. मामांची सारी नोकरी तारऑफिसात गेली होती. "तार पोचते तोवर माणूस गेलेला असतो, जावईबापू," असं ते एकदा मला म्हणाले होते. एरवी त्यांच्या घाईला हसणारा मी त्या दिवशी हसलो नाही.

नंबर लावून कंटाळलेल्या मामांकडे एकदाचा फोन आला, तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन सरकारी कचेरी गाठली. घर नदीपासून हाकेच्या अंतरावर, गल्ली सखल. अर्जात लिहिलं होतं, 'धरणातून पाणी सोडण्यात येईल तेव्हा खाली सही करणारास फोनवर कळवण्यात यावे.' कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला.

"असा फॉर्म नसतो हो आजोबा. पोलिसांना कळवतो आम्ही, नगरपालिकेला कळवतो. तुम्ही कोण?"

"मी नदीकाठी राहतो."

"नदीकाठी लाखभर लोक राहतात."

"मग त्यांची नावं घ्यायला आजपासून सुरुवात करा. पहिलं माझं."

मामा आठवडाभर रोज गेले. शेवटी त्या कारकुनाने मामांचा नंबर कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून फोनशेजारच्या भिंतीला डकवला, तो त्यांचा कळवळा येऊन की ब्याद टळावी म्हणून, हे मला सांगता येणार नाही. मामा मात्र पद्मश्री मिळाल्यासारखे घरी आले.

आपलं नाव लागलं, आता गल्लीचं काय? मामांनी एक लांबट वही आणली, रकाने आखले आणि दारोदार फिरायला लागले. नाव. घरात माणसं किती. जिना चढता येतो का. झोप सावध की गाढ. ऐकू कसं येतं. "नाव नोंदवलं का?" हा प्रश्न त्यांनी भाजी घेताना विचारला, देवळात विचारला, एकदा तर मयताला खांदा देताना पुढच्या माणसाला विचारला. सासूबाईंची झोप गाढ की सावध, यावरून दोन घरांत भांडणं लागली. गल्लीच्या टोकाला गोठा असलेला दूधवाला म्हणाला, "मामा, माज्या म्हशींची नावं घालता का?" तो चेष्टा करत होता. मामांनी गंभीरपणे पेन उघडलं. "सांग. ऐकू येतं ना त्यांना?" त्या वहीत चंद्री आणि गौरी अशा दोन म्हशी आहेत, आणि त्यांच्या पुढे 'झोप सावध' असा शेरा आहे.

मी तेव्हा नोकरीसाठी साताऱ्याला होतो. पावसाळा लागला की मामांचा मला रोज फोन. "तिकडं कसा आहे?" मी खुशाली सांगायला लागलो की ते म्हणत, "तुम्ही नाही हो. पाऊस."

पहिल्याच श्रावणात कचेरीतून फोन आला. पाणी सोडलंय, काठच्यांनी सावध राहावं. मामांनी वही काखेत मारली, पूजेतली घंटा हातात घेतली आणि तासाभरात चाळीस घरं गाद्यागिरद्यांसकट उंचावरच्या शाळेत नेऊन बसवली. नदी आली, घाटाच्या तीन पायऱ्या चढली आणि माघारी गेली. गल्लीत एक शिंतोडाही उडाला नाही. त्यात समोरच्या घरातल्या शेठजींच्या मुलीला बघायला नेमकी त्याच दिवशी जतहून मंडळी आली होती. कुलूपबंद दार बघून ती परत गेली, आणि ते स्थळ मोडलं. शेठजी लोखंडी सामानाचे व्यापारी, मोजकं बोलणारे जैन गृहस्थ. ते मामांच्या दारात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आमचं नाव काढा. माझं, मुलांचं, अक्कांचं पण." अक्का म्हणजे त्यांच्या वृद्ध आई.

"नक्की?" मामांनी विचारलं.

"नक्की."

मामांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मग एकेक करत सगळेच आले. तेव्हा मी सुट्टी काढून तिथे आलो होतो. प्रत्येकाला मामा "नक्की?" म्हणून विचारत आणि पट्टी ठेवत. शेवटी वहीत सात माणसं उरली आणि दोन म्हशी. मामींनी वही माळ्यावर टाकायला मागितली, तर मामा म्हणाले, "राहू दे. त्या म्हशी अजून आहेत तिच्यात."

पुढच्या वर्षी मी कामासाठी सांगलीला आलो होतो, तेव्हा सकाळी फोन वाजला. कारकुनाचा आवाज या वेळी वेगळा होता. संध्याकाळपर्यंत पाणी गल्लीत येईल, म्हणाला. मामा सदरा घालायला लागले.

"नाव काढलेल्यांच्या दारात जाऊ नका हं," मामी म्हणाल्या. "पुन्हा बोलून घ्याल."

"रेघ वहीत मारलीय. ती नदीला कुठं माहीत आहे?"

घंटा वाजत गेली. काही जण हसले, काहींनी दारं लोटून घेतली. दुपारी गटारीतून उलटं पाणी वर यायला लागलं तेव्हा हसणं थांबलं आणि सगळी गल्ली शाळेकडे धावत सुटली. शेठजी खरेदीला कोल्हापूरला गेलेले, बायकामुलं माहेरी. अक्का एकट्याच घरात, दाराला आतून कडी. आम्ही दार बडवून हात लाल केले. पाणी घोट्यावर होतं. मामा एकाएकी थांबले, वळले आणि घराला वळसा घालून बोळातल्या खिडकीशी गेले. आत अक्का पलंगावर जपाला बसल्या होत्या.

"अक्का! बाहेर पडा, पाणी आलं!"

अक्कांनी मान वळवली. "आमचं नाव काढलंय न्हवं?"

"ते मागनं बघू. उठा!"

"जप संपू दे."

मामांनी कपाळावर हात मारला, पण अक्कांना जपातून उठवणं त्यांच्यानं होईना. पाणी पोटरीला लागलं. "कितवा मणी?" मामांनी ओरडून विचारलं. अक्कांनी बोटांनी खूण केली, साठ. गुडघ्याला आलं. "कितवा?" नव्वद. माझ्या आयुष्यात अठ्ठेचाळीस मणी इतके लांब कधी झाले नाहीत. एकशे आठ झाल्यावर अक्कांनी माळ कपाळाला लावली, पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी ओढली आणि मग कडी काढली. दूधवाला मांडीएवढं पाणी कापत आला. "चला आक्का, बसा पाठीवर. लय येळ केलासा." मामा पुढे काठी टेकत रस्ता चाचपडत होते आणि दर दोन पावलांना मागे वळून ओरडत होते, "म्हशी सोडल्यास का रं?"

"सोडल्या मामा! तुमच्याआदी पोचल्या त्या!"

शेठजी दुसऱ्या दिवशी वाट काढत शाळेत आले. आईला पाहिलं, तिचे पाय धरले, मग मामांसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी विचारलं, "बोळातल्या खिडकीशी गेलात, ते कसं सुचलं?"

"त्यांना डाव्या कानानं ऐकू येतं. जपाला बसल्या की तो कान त्या बाजूला असतो."

"मला माहीत नव्हतं," शेठजी म्हणाले, आणि तोंड फिरवून पटांगणाकडे बघत राहिले.

दोन वर्षांनी मामी गेल्या आणि मुलीने मामांना मेढ्याला नेलं. घर डोंगराच्या कुशीत, उंचावर. नदी लांब, शेजार पांगलेला. मी भेटायला गेलो तर मामा ओसरीवर बसून होते, आणि चांगला अर्धा तास बसून होते. नातवंडं शाळेत गेलेली, लेक आणि जावई रानात. "इथं बरं आहे," ते म्हणाले. "इथं काही व्हायचंच नाही." निघताना ते स्टँडपर्यंत आले आणि गाडी लागल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचल्यावर एक फोन करा."

मी घरी पोचलो, जेवलो, झोपलो. फोन करायचा राहून गेला. सकाळी दूध तापत असताना आमचाच फोन वाजला.

"पोचलात ना?"

"हो मामा, विसरलोच बघा..."

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी थोडे घुटमळले. "तिकडं कसे आहात?"

मी सवयीने पाऊस सांगायला लागलो होतो.