नाव उत्तमरावचं, नंबर खुशालरावचा

मोर्शी तालुक्यात संत्र्याचा बगिचा असलेल्या कोणालाही विचारा, मोटर जळली की पहिला फोन कोणाला करता? तो नाव सांगणार नाही, शेताच्या धुऱ्यावरच्या स्टार्टरच्या डब्याकडे बोट दाखवेल. डब्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने दहा आकडे लिहिलेले, अन् खाली ‘मोटर वायंडिंग’. बस. खुशालराव गावंड्यांनी स्वतःचं नाव कधी लिहिलं नाही, कारण नावाला रंग जास्त लागतो. ही चेष्टा नाही, त्यांचंच वाक्य आहे.

असे चारशेच्या वर डबे. अठरा वर्षांत एकेक करून लिहिलेले. एप्रिल-मे महिन्यात पाणी खाली गेलं की मोटरी पटापट जळतात, आणि मग या माणसाला जेवायलाही उसंत नसते. जळालेली मोटर वर काढायची, दुकानात आणायची, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, दोन दिवसांत परत बोअरमध्ये सोडायची. हात एक नंबर! कामात खोट काढायला जागा नाही. पण पैशाच्या बाबतीत चमडी जाईल, दमडी जाणार नाही. बायको दुर्गाबाई म्हणायची, “याहीच्या खिशातून रुपया निंगाला त डोळ्यातून पाणीच निंगते.”

तर असल्या माणसाला मोबाइल कंपनी भेटली. कंपनी मोठी, जाहिराती मोठ्या, आणि रिचार्ज दर दिवाळीला वाढता. खुशालरावांचा फोन बटणांचा. त्यावरून ते फोन करत नसत, गिऱ्हाईकच करायचे. यांचं काम फक्त उचलायचं. पण कंपनीने छोटे रिचार्ज बंद केले आणि वर नियम काढला की मुदत संपली तर येणारे फोनही बंद. घ्या! फोन दुसऱ्याने करायचा आणि पैसे याने भरायचे. त्यात महिना अठ्ठावीस दिवसांचा.

“अठ्ठावीस दिवसाचा महिना कोन्या पंचांगात हाय बे?” एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात ते दुकानवाल्या पियुषवर ओरडले. “बारा महिन्याचं साल अन् तेरा रिचार्ज! एक महिना याहीच्या बापाचा?”

पियुषला रोज दहा जणांचं हेच ऐकावं लागे. तो म्हणाला, “काका, कंपनी बदला. दुसरी हाय, अर्ध्या पैशात काम होते. नंबर हाच राहते.”

“हाच राहते ना? पक्कं? डब्यावर लिवलेला हाय तो.”

“हाच राहते.”

पियुषने मेसेज पाठवला, कोड आला, आधार कार्ड झालं, फोटो झाला. खुशालराव दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी पियुषचा निरोप आला की अर्ज नामंजूर झाला. ते दुकानात गेले तेव्हा पियुष कंपनीला फोन लावून बसला होता. फोन ठेवून त्याने जरा अदबीनेच सांगितलं, “काका, हा नंबर तुमचा नाही.”

“काहून नाही? अठरा साल झाले, माह्या खिशात हाय.”

“खिसा तुमचा हाय. पण नंबर उत्तमराव तुळशीराम गावंडे यांच्या नावानं हाय. ते कोण?”

खुशालरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. उत्तमराव म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. अकोल्याला राहतो. दहा वर्षांत दोघांचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

झालं असं होतं. खुशालराव तेव्हा तार आणायला अमरावतीला गेले होते. राजापेठेत रस्त्याच्या कडेला छत्री लावून एक पोरगा फुकट सिम वाटत होता. एक फोटो, एक झेरॉक्स द्या आणि सिम घ्या. यांच्या पिशवीत स्वतःचा एकही कागद नव्हता, पण उत्तमच्या मतदार कार्डाची झेरॉक्स आणि त्याचा फोटो होता, कारण त्याच्या नावाने शेतातल्या वीज कनेक्शनचा अर्ज थोरला भाऊ म्हणून हेच करत होते. दिली झेरॉक्स, चिकटवला फोटो. घर एक, चूल एक, तेव्हा तुझं-माझं कोणाला सुचतं? वऱ्हाडात निम्म्या घरांत असंच आहे. सासऱ्याच्या नावाचं सिम जावई वापरतो आणि कोणाला काही वाटत नाही. उत्तमला सांगायचंसुद्धा यांच्या ध्यानात राहिलं नाही.

पुढे वाटण्या झाल्या. बापाने खोदलेली विहीर मोजणीत खुशालरावांच्या हिश्शात आली. सात-बाऱ्यावर नाव यांचं चढलं, पण चार माणसांसमोर तोंडी ठरलं की पाणी दोघांनी निम्मंनिम्मं घ्यायचं. एक साल तसं चाललं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटू लागली आणि खुशालरावांनी भावाचं पाणी तोडलं. “ज्याच्या सात-बाऱ्यावर इहीर, त्याचं पानी,” म्हणाले. उत्तमची तीनशे झाडं डोळ्यांदेखत वाळली. साऱ्या तालुक्याच्या वावरात पाणी सोडणारा हा माणूस, त्याच्या भावाच्या वावरात मात्र थेंब नाही! झाडं तोडून उत्तमने सरपण विकलं, रान ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दुसऱ्याला कसायला दिलं आणि बायको-पोराला घेऊन अकोल्याला डाळ मिलमध्ये कामाला लागला.

“आता नाव बदला लागंन,” पियुष म्हणाला. “त्याईले कंपनीच्या ऑफिसात आणा, सही करा लागते. अन् काका, एक सांगू? लवकर करा. मालक ते हायेत. त्याईनं उद्या बंद करा म्हटलं त बंद होऊन जाईन.”

या एका वाक्याने खुशालरावांची झोप उडाली. रिचार्जमागे वाचणारे शंभर रुपये राहिले बाजूला. नंबर गेला तर चारशे डबे गेले. वरुडचा एक नवा मिस्त्री तसाही रंगाचा डबा घेऊन फिरतच होता. एक उन्हाळा फोन लागला नाही, तर सगळ्या झाकणांवर त्याचे आकडे चढतील. वयाच्या साठीला आता परत गावोगाव फिरून कोण लिहील? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना उत्तमची भीती वाटत होती. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. एका मिनिटात बंद केला असता.

शेवटी निघाले. दुर्गाबाईने पिशवीत मोठी, निवडक संत्री भरून दिली. ती आत गेल्यावर यांनी मोठी काढून ठेवली आणि व्यापाऱ्याने नापास केलेली बारीक संत्री भरली. मोर्शीहून अमरावती, अमरावतीहून अकोला. बसमध्ये हिशेब चालू होता. उत्तम सही फुकट करणार नाही, पाणी मागेल. मागितलं तर आठवड्यातून एक दिवस द्यायचं. फारच ताणलं तर दोन. दोनच्या वर जायचं नाही. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं, “जाऊ दे उत्तम, झालं गेलं, दोन दिवस पानी घेत जाय.” मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी ते दहा वेळा मनात म्हणून पाहिलं.

उत्तमराव मिलजवळच्या दोन खोल्यांत राहत होता. दारात थोरल्या भावाला पाहून तो दचकला नाही की हसला नाही. अंगावर डाळीची पांढरी भुकटी तशीच होती. त्याच्या बायकोने, साधनाने, डोक्यावर पदर घेतला, पाणी आणून दिलं आणि संत्र्याची पिशवी दाराशीच राहू दिली.

खुशालराव खाकरले. “उत्तम, एक काम होतं. थे सिमचं...”

“नंबराचं ना?” उत्तमराव म्हणाला. “चाल. आधार घेतो.”

एवढंच! ना कुरबुर, ना टोमणा. खुशालरावांना वाटलं, ऑफिसात गेल्यावर ऐन सहीच्या वेळी अडवील. हाडाचा गावंडे आहे, सोडतो काय?

कंपनीच्या ऑफिसात एक पोरगी बसली होती. तिने दोघांचे कागद घेतले, फोटो काढले आणि सहज विचारलं, “काका, हा नंबर तुमच्या नावावर आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“दोन साल झाले,” उत्तमराव म्हणाला.

खुशालरावांनी चमकून पाहिलं.

“पोरानं मोबाइलवर दाखवलं होतं,” उत्तमराव त्या पोरीलाच सांगत होता, भावाकडे न पाहता. “आपल्या नावावर किती सिम हायेत ते सरकार दाखवते म्हने. त्यात हा नंबर निंगाला. ‘हा माझा नाही’ असं एक बटन असते. श्याम दाबूनच राहिला होता. म्हने, बाबा, त्यानं आपलं पानी तोडलं, आपण त्याचा फोन तोडू. मी म्हटलं, राहू दे बाप्पा. त्याच्या पोटाचा नंबर हाय थो. साऱ्या तालुक्यात डब्या-डब्यावर लिवलेला हाय. तो मिटवून मले काय भेटन?”

पोरीने कागद सरकवला. उत्तमरावने चष्मा लावून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

खुशालरावांच्या तोंडात ते जुळवलेलं वाक्य होतं. अगदी ओठांवर होतं. ते वाट पाहत होते, हा मागेल मग म्हणू. बाहेर आल्यावर मागेल. दोघं बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षावाले ओरडत होते.

“चाय घेतं?” खुशालराव म्हणाले.

“नाही. मिलवर जा लागते.”

“येत जाय एखाद्या वेळी मोर्शीले.”

“काय पाहाले येऊ?” उत्तमराव म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारावं तसं विचारलं, क्षणभर थांबला आणि मिलच्या रस्त्याने चालू लागला.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाल्यावर या माणसाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की वाचलो, त्याने पाणी मागितलंच नाही. पाठच्या भावाने दोन वर्षं याची भाकर मुठीत धरून ठेवली आणि मूठ आवळली नाही, आणि याला काय सुचलं, तर दोन दिवसांचं पाणी वाचलं! विचार आला आणि त्याच्या मागोमाग मिलच्या रस्त्याने जाणारी उत्तमची पाठ डोळ्यांपुढे आली, तेही खरं. पण विचार आधी आला.

आठवडाभराने पियुषने दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून दिलं. नाव खुशालरावांचं, नंबर तोच, रिचार्ज अर्ध्यावर. संध्याकाळी ते घरी आले, फोन टेबलावर ठेवला आणि दुर्गाबाईला म्हणाले, “झालं. दर रिचार्जले शंभर रुपये वाचले.” बोलता बोलता अकोल्याची सगळी हकीकत त्यांच्या तोंडून निघाली. श्यामचं बटन, उत्तमचं ‘राहू दे’, सगळं. आठवडाभर त्यांना ते पोटात ठेवता आलं होतं, आता आलं नाही.

दुर्गाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. “मंग? पान्याचं बोल्ले तुमी?”

“त्यानं इषयच काढला नाही.”

“त्यानं इषय काढला नाही?” दुर्गाबाई उठून उभी राहिली. “अन् तुमी गेलते का दोन सालाआंधी त्याच्याकडं, नंबर बंद नोको करू म्हून हात जोडाले? त्यानं तुमच्या मांगायची वाट पाह्यली का?”

तव्यावरची भाकर करपू लागली, तिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

“द्या,” दुर्गाबाई म्हणाली आणि पिठाने भरलेला हात त्यांच्यापुढे केला. “इहिरीवरच्या मोटरच्या खोलीची किल्ली द्या मले. त्याचं वावर ठोक्यानं करते त्या मान्साले मी सकाळीच देऊन येतो. पाइप मांडंन थो. उत्तमभाऊले फोन मी करतो.”

किल्ली त्यांच्या करदोड्याला होती, नेहमीसारखी. त्यांचा हात तिथवर गेलाही. पण समोर उन्हाळा होता, विहिरीला पाणी कमी होतं, आणि आपलीही साडेतीनशे झाडं होती.

“पाहू,” ते म्हणाले. “पावसाचं पानी पडल्यावर पाहू.”

दुर्गाबाईचा हात बराच वेळ तसाच पुढे होता. खुशालरावांनी किल्ली दिली नाही.