दक्षिणेची राणी

त्या उन्हाळ्यात मुलीचा पाय मोडला आणि आमचं अमरावतीला परतणं लांबलं. अचलपूरला बाबांच्या घरी ती कूलरसमोर पाय उशीवर ठेवून पडून असायची. वय तेरा. मोबाइलचाही कंटाळा आल्यावर तिनं एक साम्राज्य तयार केलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नकाशा काढला आणि आपल्या आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, सम्राट नेमलं. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हे पद लगेच घेतलं.

साम्राज्याच्या दक्षिणेला मिठाच्या खाणी होत्या आणि तिथं गुलाम राबत. गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा दक्षिणेनं वेगळं व्हायचं ठरवलं. तिची बाजू घ्यायला कोणी नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी स्वयंपाकघरातूनच राणी म्हणून बोलायचे.

सम्राट फारच मवाळ निघाले. "जात असन तर जाऊ द्या त्यायले," बाबा म्हणाले. "मारामारी कायले पाहिजे?"

"आबा, मग गुलामांचं काय?"

"पाहू हळूहळू."

मला जोर चढला. भेंडी चिरता चिरता मी ओरडून सांगितलं, "आमच्या गुलामांना काही कमी नाही. पोटभर जेवतात, दिवाळीला कपडे मिळतात. अगदी घरच्यासारखे आहेत."

बाबा म्हणाले, "हेच म्हने तो."

"कोण?" मी बाहेर येऊन विचारलं.

"माह्या बापाचा मालक."

आजोबा सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दुपारी कळलं. एकदा आजोबा तापानं फणफणले होते आणि मालकाचा माणूस त्यांना न्यायला दारात आला.

"माय म्हने, आजच्या दिवस राहू द्या," बाबा नातीला सांगत होते. "तो म्हने, साल संपलं नाही अजून. बाप उठला अन् गेला. मालक वाईट नव्हता, बरं. दिवाळीले मलेही सदरा भेटे."

मुलीनं त्यांचा हात धरला.

"फौज पाठव," बाबा तिला म्हणाले.

लढाई प्लास्टर निघेपर्यंत चालली. माझं लढण्यात मन नव्हतं, तरी एका चकमकीत मुलीनं सम्राटाचा लाडका सेनापती मारला आणि बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "त्याले काहून मारलं? चांगला होता तो." शेवटी तिनं त्याला नुसतं जखमी केलं. मग मी शरण आले, आणि मुलगी नकाशाची घडी घालायला लागली.

"झालं, आबा. संपलं."

"संपलं कसं? ते लोकं आता जातीन कुठं? खातीन काय?"

नकाशा पुन्हा उघडला. खाणी राबणाऱ्यांच्याच नावे झाल्या, जमिनी वाटल्या गेल्या, विहिरींवरून आबा-नातीचं कडाक्याचं भांडण झालं. एका नव्या गावाला बाबांनी बसस्टँड मंजूर केलं.

"आबा, तेव्हा बस नव्हती."

"मंग बैलगाड्याईचा थांबा कर. मानसाले वाटलं तवा निघता आलं पाहिजे."

तिनं रस्त्याच्या कडेला एक चौकोन काढला. त्या गावाचं नाव काय ठेवायचं, यावर दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसले.